आगोटीची वही: वाडीसाठी आणि वाडीच्या मुंबईकरांसाठी

२२ जुलै २०२१. लोअर परळला आमच्या गावकीच्या खोलीत अठरा माणसं बसली होती आणि अठराच्या अठरा जण गावी फोन लावत होती. महाडमध्ये पुराचं पाणी शिरल्याचं टीव्हीवर दिसत होतं. आमची वाडी त्याच तालुक्यात, वर डोंगराच्या अंगाला. एकाही घरी फोन लागेना. मग आमच्याच तालुक्यातल्या तळिये गावाची बातमी आली. ८०हून अधिक माणसं दरडीखाली गेली होती. आपली माणसं सुखरूप आहेत हे कळायला आम्हाला तिसरा दिवस उजाडला.

खोलीत मंडळाची वर्गणीची वही असते. कोणत्या घरातून किती रुपये आले, चाळीस वर्षांचा पै-पैचा हिशेब त्यात आहे. पण वरच्या घरातल्या काकींना उठवत नाही, त्यांना खाली कोण आणणार, हे त्या दिवशी कोणी विचारलं तेव्हा सगळे गप्प झाले. मी एकतीस वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेच्या माणसाला कोणती गोळी चालू आहे ते मला तोंडपाठ असायचं. माझ्या सासूबाई गावी कोणत्या गोळ्या घेतात ते मात्र मला सांगता आलं नाही. ती रात्र मी विसरणार नाही.

तेव्हापासून आम्ही दर वर्षी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या तयारीची, वही करतो. मिरगाच्या आधी सुकी मासळी, मीठ, कांदे, लाकूडफाटा भरून ठेवायची कोकणची रीत आहेच. त्यातच हे एक काम वाढवलं. तुमची वाडी असेल तर तुम्हीही करा, आणि मे महिन्यातच करा, कारण तेव्हा मुंबईची माणसं गावी असतात.

आधी घरोघर फिरा. आमची २६ घरं. पावसाळ्यात त्यातली ११ बंद असतात. उरलेल्या १५ घरांत ३८ माणसं, आणि त्यातली २३ साठीच्या पुढची. हा आकडा कागदावर उतरला तेव्हाच कळलं की वाडीचे हातपाय मुंबईत आहेत, म्हणून तयारीही दोन्ही टोकांना करावी लागणार. प्रत्येक घरासाठी एक पान ठेवा. घरात पावसाळ्यात खरोखर कोण राहतं, कोणाला चालवत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोण एकटं झोपतं, गोळ्यांची नावं काय, इन्सुलिन कोणाला, गरोदर कोण, गुरं किती, बंद घराची किल्ली कोणाकडे. गोळ्यांची नावं विचारून लिहू नका, पाकीट हातात घेऊन लिहा. म्हातारी माणसं ‘ती पांढरी, सकाळची’ असंच सांगतात. वहीच्या दोन प्रती करा. एक गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंकडे किंवा पोलीस पाटलांकडे, एक मुंबईच्या खोलीत. गणपतीत पुन्हा एकदा सगळी पानं तपासा.

आता डोंगर. इथे थोडं थांबून सांगते. पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव ३० जुलै २०१४ला सकाळी दरडीखाली गाडलं गेलं, आणि बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटीच्या चालकामुळे, ज्याला नेहमीच्या जागी गावच दिसलं नाही. आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड आली तेव्हा माणसं झोपेत होती. वर गाडीचा रस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रं पोहोचू शकली नाहीत. मदत येईपर्यंत जे करायचं ते वाडीनेच करायचं असतं, आणि दरडीच्या बाबतीत करता येण्यासारखं एकच असतं: दरड यायच्या आधी उठून जाणं.

त्यासाठी पाऊस मोजा. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा स्टीलचा डबा घ्या, उघड्या जागी ठेवा. झाड, पागोळी काही वर नको. आत पाणी जितके मिलिमीटर साचलं तितका पाऊस. शाळेतली पट्टी पुरते. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो, तेव्हाच डबा रिकामा करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला तर त्यांच्या भाषेत जोरदार, ११५.६च्या पुढे अति जोरदार, २०४.४च्या पुढे अत्यंत जोरदार. आमच्याकडे हे काम सातवीतली एक मुलगी करते आणि एक दिवसही चुकत नाही.

आम्ही रेघ अशी आखली आहे: संध्याकाळी सहाला डब्यात १५० भरले आणि पाऊस थांबायचं नाव घेत नसेल, तर उताराखालच्या चार घरांनी त्या रात्री शाळेत झोपायचं. तुमच्या डोंगराची रेघ वेगळी असेल. तहसील कार्यालयात विचारा, तुमची वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत आहे का ते पाहा. पण पाऊस कितीही कमी असो, या खुणा दिसल्या की रेघेची वाट पाहू नका: जमिनीला किंवा ओट्याला नवी भेग, झाडं किंवा विजेचा खांब कलणं, रोज लागणारं दार अचानक अडकणं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होणं किंवा आटणं, कधी नव्हतं तिथून पाणी फुटणं, डोंगरातून घुमल्यासारखा आवाज. आणि जिथे जायचं ती जागा ओहोळाच्या तोंडाशी नाही ना, ते मे महिन्यातच पाहून घ्या. आमचं देऊळ नेमकं तिथेच होतं, म्हणून शाळा ठरवली.

खरी अडचण म्हातारी माणसं उठत नाहीत ही असते. ‘एवढे पावसाळे काढले, आज काय होतंय?’ असं म्हणतात. त्यांना दटावून उपयोग नाही, त्यांचं मन गोठ्यात असतं. म्हणून गुरं आधी सोडायची. दाव्याला बांधलेलं जनावर मागे ठेवून कोणीही निघत नाही, आणि निघूही नये. दुसरी गोष्ट, शाळेत चटया, चादरी, कंदील, शेगडी जूनमध्येच नेऊन ठेवायची, म्हणजे आयत्या वेळी फक्त माणसं न्यायची. तिसरी गोष्ट मुंबईकरांची. फोन चालू असेतो मुलाने स्वतः फोन करायचा: ‘आई, आजची रात्र शाळेत जा, माझ्यासाठी जा.’ सरपंचाचं न ऐकणारी माणसं हे ऐकतात. माझ्या सासूबाई अशाच उठल्या.

फोनचं बोलायचं तर, ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगडात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. दोन साधे बटणांचे फोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमकार्डांसह भरलेले ठेवा. मुंबईहून अठरा जणांनी एकाच घरी फोन लावत बसू नये, बॅटरी त्यातच संपते. वाडीतून एकाने, मुंबईत एकालाच, सकाळी आठ आणि रात्री आठला. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकते, ती जागा कोणती, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) पाण्याखाली गेला तर कोणती, हे दोन ओळींत तिथेच लिहून ठेवा. घाबरलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नाही, वाचून दाखवता येतो.

पूर, दरड वर्षानुवर्षं येणार नाही, पण साप दर पावसाळ्यात येतो. साप चावलेली माणसं वॉर्डात मी खूप पाहिली आणि वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं, वाया गेलेल्या वेळेचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते. आमच्या परळच्या हाफकिन संस्थेनेही ती बनवली आहे. दुसरा उतारा नाही. करकचून दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका, सापाच्या मागे धावू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा, नंतर सूज येते. हात-पाय मोडल्यावर जसा फळीला बांधतो तसा सैल बांधून स्थिर ठेवा. माणसाला चालवू नका, उचलून न्या. चावल्याची वेळ लिहा. मण्यारीचं वेगळं असतं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. असं माणूस दिसलं की अपचन म्हणून ओवा देत बसू नका, साप चावला असं धरूनच निघा. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणं यानेच बरंचसं टळतं. विंचवालाही साधं समजू नका. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन उपयोगी पडतं हे महाडच्याच डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं. मुलाला घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले की तडक दवाखाना. लस कोणत्या केंद्रात आहे आणि रात्री डॉक्टर कुठे असतात, हे मे महिन्यात स्वतः जाऊन विचारा आणि दोन ठिकाणं लिहून ठेवा, नदीच्या अलीकडचं एक, पलीकडचं एक.

धान्य, रॉकेलचं मी सांगायला नको, ते वाडीला आपल्याहून चांगलं कळतं. एवढंच, की पुराचं पाणी विहिरीत गेलं तर जलसुरक्षकाने (गावच्या पाण्याची देखभाल करणाऱ्याने) टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून तपासल्याशिवाय ते प्यायचं नाही, उकळून घ्यायचं. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने.

मुंबईकरांनी लगेच गाड्या काढून निघू नये. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा पूल गेला तेव्हा वाहून गेलेल्या दोन्ही एसट्या मुंबईकडेच येत होत्या. रस्ता सुरू असल्याची खात्री झाल्यावर तीन धट्टीकट्टी माणसं जातील, आणि वाडीने सांगितलेलं तेवढंच नेतील. २०२१ला आम्ही टेम्पोभर साड्या आणि चादरी पाठवल्या. वाडीला हवी होती ताडपत्री आणि गुरांना वैरण.

या मे महिन्यात आम्ही डोलीची तालीम केली. घोंगडी, एक बांबू, चार माणसं आणि डोलीत स्वतःहून बसलेल्या वरच्या काकी. वरच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत ३८ मिनिटं लागली. दोनदा खांदा बदलावा लागला, आणि दुसऱ्या वळणाची पायरी निसटलेली आहे हे तेव्हाच कळलं. ती पायरी बसवून झाली आहे. आता जूनच्या पहिल्या शनिवारी, पावसात, पुन्हा एकदा करणार आहोत. मुंबईहून सहाजणांनी यायचं कबूल केलंय.