सोलापूरहून जाऊन इंग्लंडच्या कॅनॉलात स्वतः बोट चालवायची असेल तर

कॅनॉल म्हटलं की आपल्याकडं उजनीचा कॅनॉल डोळ्यासमोर येतो, पाळी कधी सुटणार, टेलपर्यंत पाणी पोचणार का, रात्री मोटर चालू करायला कोण जाणार. इंग्लंडचा कॅनॉल वेगळा, तो शेतीसाठी खणलेलाच नाही, माल वाहायला खणलाय आणि बहुतेक ठिकाणी त्यातलं पाणी जागच्या जागी उभं असतं. 1761 साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकनं वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायला कॅनॉल काढला आणि तिथनं हे वेड देशभर पसरलं, कारण गाडीरस्त्यावर जेवढं ओढेल त्याच्या कितीतरी पट, पंचवीस तीस टन माल, एकच घोडा काठावरनं चालत पाण्यातनं ओढायचा. नंतर रेल्वे आली, ट्रक आले, माल गेला, कॅनॉल राहिले. आता त्यातले बहुतेक कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते आणि त्यात तुम्ही आम्ही कुणीपण बोट भाड्यानं घेऊन आठवडाभर राहू शकतो.

आम्ही 2023 च्या जूनमधे गेलो, मी, बायको, मुलगी, अण्णा, आणि बर्मिंगहॅमला राहणारे आक्का-दाजी. अण्णा पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेत, त्यामुळं आमच्यात सगळ्यात जास्त खूष तेच होते. तेव्हापासनं ओळखीचे लोक सारखं विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

तिथली भाड्याची बोट म्हणजे नॅरोबोट, रुंदीला 7 फुटाला थोडी कमी आणि लांबीला 40 पासून 70 फुटापर्यंत. आपल्या एसटीपेक्षा अरुंद, पण मोठी बोट घेतली तर एसटीच्या दीडपट लांब. एवढी अरुंद का तर बऱ्याच कॅनॉलांची लॉकं, म्हणजे बोट वरखाली करायचे दरवाज्याचे हौद, 7 फुटीच बांधलीत, जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरनं ते माप ठरवलं आणि अडीचशे वर्षं झाली तरी तेच चाललंय. आत किचन, बेड, शॉवर, टॉयलेट सगळं एका रांगेत. भाड्याची बोट चालवायला लायसन लागत नाही, निघायच्या आधी बोटवाले तासभर शिकवतात. तेव्हा लाजू नका, समजलं नाही तर परत विचारा, आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी लागतोच. सहा जणांची बोट सीझनला आठवड्याला हजार पाऊंडच्या वरच जाते, डिझेल त्यात धरलंय का वेगळं ते बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. व्हिजा साधा व्हिजिटरचा चालतो, बायोमेट्रिकला पुण्याचं सेंटर आहे, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली की दिवसात होतंय.

सामानाचं आधी सांगतो कारण तिथंच आपले लोक चुकतात. दूध आणि मांसाचं काहीही इंग्लंडमधे नेता येत नाही, म्हणजे तूप, पेढे, खवा सगळं घरीच ठेवायचं. कढीपत्ता आणि ताज्या भाज्यापण नकोत. पण आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी, ही तर जणू बोटीसाठीच केलेली गोष्ट आहे, आठ दिवस काही होत नाही, फ्रीज लागत नाही आणि बोटीतला फ्रीज असतो पण एवढुसाच. मसाला, कूट घरनंच करून न्या. बोटीची वीज बॅटरीवर चालते, बॅटरी इंजिन चालू असताना चार्ज होते, मोबाईल लाईट पंप यांना पुरते पण मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर डोक्यातनं काढून टाका. शेगडी गॅसची असते. चादरी बोटवाले देतात, तरी आम्ही एक सोलापुरी नेलीच होती, जूनमधेपण पहाटे थंडी वाजते आणि ती अण्णांनी सोडली नाही. सुटकेस कडक नको, कापडी बॅगा न्या, कडक सुटकेस ठेवायला बोटीत जागाच नाही.

आता चालवायचं. स्टिअरिंग नाही, मागं उभं राहून टिलर नावाचा दांडा धरायचा आणि दांडा डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं जाते. पहिला तास डोकं आणि हात भांडतात, मग जमतं. पण खरी गोष्ट ही की बोट मधोमध फिरते, म्हणजे पुढचं टोक उजवीकडं गेलं की मागचं, जिथं तुम्ही उभे आहात ते, डावीकडं सरकतं, आणि पुलाखाली नेमकं तेच भिंतीला घासतं. वळण येण्याच्या बरंच आधी दांडा हलवायचा, मग थांबायचं, बोट आपल्या वेळेनं ऐकते. ब्रेक नाही. थांबायचं तर गिअर रिव्हर्सला टाकायचा आणि पंधराएक टन वजन थांबेपर्यंत धीर धरायचा. रिव्हर्समधे दांडा धड ऐकत नाही हे पण लक्षात ठेवा. समोरनं बोट आली तर आपण आपल्या उजवीकडं व्हायचं, आपल्या रस्त्याच्या बरोबर उलटं, दाजी तिथं वीस वर्षं गाडी डावीकडनं चालवतात तरी दोनदा गोंधळले.

वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटर, आणि खरं तर तीनच मैलानं चालते. काठावर बांधलेली बोट दिसली की आणखी कमी करायचं, इंजिन नुसतं फिरत राहील एवढंच, नाहीतर आपल्या मागच्या ओढीनं त्यांच्या खुंट्या उपटून येतात. आत कुणीतरी चहा उकळत असतं, लहान मूल असतं, ते त्यांचं घर आहे हो. मागं लाट काठावर फुटताना दिसली म्हणजे तुम्ही जास्त जोरात आहात. जोर लावला तरी उथळ पाण्यात बोट पुढं जातच नाही, नुसती खाली बसते आणि डिझेल जातं.

आता लॉक, हे नीट वाचा. चढावर पाणी चढत नाही म्हणून बोटीला जिना लागतो, लॉक म्हणजे त्या जिन्याची एक पायरी. दोन्ही टोकाला दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत, दरवाजे बंद, मग वरचं पाणी आत घ्यायचं किंवा आतलं खाली सोडायचं, पाण्याबरोबर बोट वर किंवा खाली. पाणी सोडायच्या झडपेला पॅडल म्हणतात आणि ती फिरवायच्या पान्याला विंडलस. दोन्हीकडचं पाणी एका लेव्हलला येईपर्यंत दरवाजा माणसांनी ढकलून हलतच नाही, एकदा लेव्हल झाली की लहान पोरगीपण पाठ लावून उघडते, आमच्या मुलीनं उघडला. विंडलस पॅडलच्या खांबावर लावून सोडून जायचा नाही, खीळ निसटली तर तो गरागरा फिरून हात मोडतो. पॅडल खाली घेतानापण पान्यानंच सावकाश घ्यायचं, धाडकन सोडायचं नाही. आणि दोन तरी विंडलस मागून घ्या, आमचा एक दुसऱ्याच दिवशी पाण्यात गेला.

खाली उतरताना एकच गोष्ट जिवावर बेतू शकते. वरच्या दरवाज्याच्या खाली आत आलेला एक दगडी ओटा असतो, त्याला सिल म्हणतात. लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही. पाणी उतरत जातं आणि बोटीची मागची बाजू त्या ओट्यावर राहिली तर मागचं टोक अडकून पुढचं खाली जातं, बोट तिरकी होते, पाणी भरतं, बुडते. लॉकच्या भिंतीवर पांढरी खूण असते, बोट कायम त्या खुणेच्या पुढं ठेवायची आणि टिलरवरच्या माणसानं पाणी उतरेपर्यंत नजर हलवायची नाही, फोटो नाही, गप्पा नाही. अडकलीच तर एक सेकंद न घालवता खालची पॅडलं बंद करायची, मग वरनं हळूहळू पाणी घ्यायचं, बोट परत तरंगते. म्हणून पॅडलपाशी उभा असलेला माणूस आणि टिलरवरचा माणूस यांनी एकमेकाला दिसलंच पाहिजे. आम्ही हात वर म्हणजे थांब असं ठरवून टाकलं, इंजिनच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही. वर चढताना उलटं, पॅडल आधी अर्धंच उघडायचं, नाहीतर पाण्याचा लोंढा बोटीला पुढं मागं आपटतो.

पहिल्या लॉकला अण्णा काठावर गप उभे राहिले, पाणी उतरताना मनात काहीतरी हिशेब करत होते, मग म्हणाले, "एका बोटीला लाखभर लिटर खाली गेलं की रे." हिशेब बरोबर आहे, एक अरुंद लॉक साधारण लाखभर लिटर पाणी खालच्या टप्प्यात सोडतं, आणि ते वरच्या तलावातनंच भरून काढावं लागतं. पाऊस कमी झाला की तिथंपण कॅनॉल बंद ठेवायची पाळी येते, 2025 च्या उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी आली. म्हणून मला वाटतं ज्याच्या घरी नळाला दिवसाआड नाही तर चार-पाच दिवसाआड पाणी येतं त्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज नाही, तरी सांगतो: लॉक तुमच्यासाठी भरलेलं किंवा रिकामं नसेल तर आधी पलीकडं बघा, तिकडनं बोट येत असेल तर तिला आधी जाऊ द्या, त्याच पाण्यात दोघांचं काम होतं. निघताना मागची पॅडलं आणि दरवाजे बंद झालेत का ते एकानं चालत जाऊन बघायचंच. एक पॅडल उघडं राहिलं तर रात्रीत अख्खा टप्पा रिकामा होऊन दुसऱ्यांच्या बोटी चिखलात बसतात. बोटीतल्या टाकीचंपण तसंच, पाण्याचा नळ दिसला की भरून घ्या, भरायला अर्धा-पाऊण तास जातो तेवढ्यात जेवण होतं. टॉयलेटचा डबा रिकामा करायची सोय ठराविक ठिकाणीच असते, नकाशात आधी बघून ठेवा. आणि कॅनॉलचं पाणी हाताला लागलं की जेवायच्या आधी साबणानं हात धुवा, उंदरांच्या लघवीनं पसरणारा आजार त्यातनं होऊ शकतो.

रूट ठरवताना हिशेब सोपा, तासाला तीन मैल आणि प्रत्येक लॉकला पंधरा मिनिटं, दिवसाला पाच-सहा तासाच्या वर चालवू नका. फोर काउंटीज रिंग म्हणून 110 मैल आणि 94 लॉकांचा फेरा आहे, पहिल्याच खेपेला आठवड्यात तो करायला जाणारे लोक मला पटत नाहीत, सकाळपासनं नुसते दरवाजे ढकलायचे आणि बघायचं काहीच नाही. डिव्हायझेसजवळ केन हिलला ओळीनं 29 लॉकं आहेत, ती काठावरनं चालत बघा. नवीन माणसानं लँगोलेन कॅनॉलच घ्यावा असं माझं मत आहे. एल्स्मियर ते लँगोलेन या सगळ्या पट्ट्यात फक्त दोन लॉकं, एल्स्मियरला तळी, पुढं वेल्सच्या हद्दीवर चर्कचा बोगदा, आणि मग पॉन्टकसिल्टे. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी 1805 साली पुरा केलेला हा पूल, 307 मीटर लांब, डी नदीच्या वर 38 मीटर, लोखंडी पन्हाळीत पाणी आणि पाण्यात आपली बोट. एका बाजूला चालायची वाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला कठडाच नाही, पन्हाळीची कड संपली की खाली थेट दरी. लहान मुलं आणि चक्कर येणारे आत बसवा. अण्णा टिलरच्या शेजारी उभे होते, पूल संपेस्तोवर एक शब्द बोलले नाहीत.

या कॅनॉलाला मात्र चांगली ओढ आहे, कारण डी नदीचं पाणी यातनंच खाली हर्ल्स्टनच्या तलावात पिण्यासाठी जातं. लँगोलेनकडं जाताना त्यामुळं वेळ जास्त लागतो, बोगद्यात तर बोट रांगत चालल्यासारखी वाटते, परत येताना भरकन येते. शेवटचा तुकडा इतका अरुंद की एकच बोट मावते, एका माणसाला फोन देऊन पुढं चालत पाठवायचं, समोरनं कोण येत नाही म्हटला की निघायचं.

संध्याकाळी बोट टोपाथच्या, म्हणजे काठावरच्या चालायच्या वाटेच्या, बाजूलाच बांधायची, दोन खुंट्या ठोकायच्या, दोरी वाटेवर आडवी येऊ द्यायची नाही, सायकलवाले येतात. पुलाखाली, वळणावर, लॉकच्या तोंडाला आणि पाण्याच्या नळापाशी बांधायची नाही. रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन बंद. अंधारात भाड्याची बोट चालवू देत नाहीत, जूनमधे उजेड साडेनऊपर्यंत तरी असतो त्यामुळं अडत नाही. बोट परत द्यायची वेळ बहुतेक सकाळी नऊच्या सुमारास असते, तेव्हा आदल्या रात्री बोटवाल्यापासनं तासाभराच्या आत येऊन थांबा. आणि बुकिंगच्या आधी ट्रस्टच्या साईटवर तुमच्या कॅनॉलचं स्टॉपेज बघा, नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीची कामं चालतात तेव्हा काही लॉकं बंद असतात. मे-जून आणि सप्टेंबर सगळ्यात चांगलं, ऑगस्टला त्यांच्या शाळांना सुट्टी म्हणून गर्दी आणि भाडंपण जास्त.