डायलिसिसच्या खुर्चीशेजारी

पीएचडीसाठी पॅरिसला गेले तेव्हा माझा विषय निव्वळ साहित्याचा होता: फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या अल्जीरियन लेखकांच्या कादंबऱ्यांतला स्थलांतरित मजूर. आता मी त्याच पिढीतल्या मजुरांच्या डायलिसिसवर काम करते. फ्रेंच शिकून संशोधनाकडे वळणाऱ्यांना माझ्या चुका आधीच कळल्या, तर त्यांचं एखादं वर्ष तरी वाचेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सला कारखान्यांत आणि बांधकामांवर माणसं हवी होती. अल्जीरियातून बहुतेक पुरुष एकटेच आले. त्यांना ठेवायला १९५६ साली सोनाकोत्राल ही कंपनी निघाली. तिच्या वसतिगृहांत लहानशी खोली आणि सामाईक स्वयंपाकघर असे. १९६२ला अल्जीरिया स्वतंत्र झाला, १९७४ला फ्रान्सने नव्या मजुरांचं येणं थांबवलं. हे मात्र 'दोन वर्षांत परत जाऊ' म्हणत त्याच खोल्यांमध्ये म्हातारे झाले. त्यांना 'शिबानी' म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे. समाजशास्त्रज्ञ अब्देलमालेक सायाद यांनी हे तात्पुरतेपण फार खोलवर मांडलं आहे: जाणारा, त्याचं गाव आणि त्याला कामावर ठेवणारा देश, तिघंही ते खरं मानून चालतात.

आणि मग किडनी निकामी होते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास मशीनवर. गावी जायचं तर तिथल्या केंद्रात आधी जागा मिळायला हवी. साहित्य, स्थलांतर आणि वैद्यक हे माझे तिन्ही विषय इथे, 'परत जाणं' या एका प्रश्नावर, एकत्र आले. तुम्हीही असा प्रश्न सापडेपर्यंत थांबा. तो नसेल तर प्रबंधात तीन वेगळी प्रकरणं शेजारीशेजारी पडून राहतात आणि परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात.

वाचनाची सुरुवात फ्रांत्झ फानोंपासून करा. मार्तिनिकमध्ये जन्मलेला, लियोंत वैद्यक शिकलेला हा डॉक्टर १९५२ साली 'एस्प्री' मासिकात लिहितो की, उत्तर आफ्रिकेतला रुग्ण नेमकं कुठे दुखतं हे सांगू शकला नाही, की फ्रेंच डॉक्टर त्याचं दुखणंच खोटं ठरवतात. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. तो लेख मी दर वर्षी पुन्हा वाचते.

आता माझी चूक. पहिल्या मुलाखतीला मी बावीस प्रश्न छापून नेले होते, सुबक फ्रेंचमध्ये. 'परदेशातलं एकटेपण तुम्हाला कसं जाणवतं?' मशीनवरचे आजोबा म्हणाले, 'सा वा', ठीक आहे. पुढच्या प्रत्येक प्रश्नालाही 'सा वा'. शेवटच्या तासात त्यांच्या पोटरीत गोळा आला, रक्तदाब उतरला, नर्स धावत आली, आणि माझा रेकॉर्डर चालूच होता. तिने नंतर मला बाजूला घेतलं. टेबलावरची माझी पाण्याची बाटली आधी पिशवीत ठेवायला लावली: इथली माणसं दिवसाचं पाणी मोजून पितात, त्यांच्यासमोर घटाघटा प्यायचं नाही. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, असलेल्या हाताच्या बाजूला बसायचं नाही. बोलायचं ते पहिल्या दोन तासांत, शेवटच्या तासात नाही. हे मला कुठल्याच सेमिनारमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

परवानग्यांना पहिल्याच वर्षी हात घाला. एथिक्स कमिटी, विभागप्रमुख, रुग्णाची स्वतःची संमती, यात महिनेच्या महिने जातात. संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवा, कारण या पिढीतल्या अनेकांना वाचता येत नाही. दुभाष्या म्हणून मुलाला किंवा मुलीला बसवू नका. बाप त्यांच्यासमोर रडत नाही. सहमार्गदर्शक म्हणून एखादा किडनीतज्ज्ञ मिळवा. वसाहतकाळातल्या कागदपत्रांसाठी एक्स-आं-प्रोव्हांसचं अभिलेखागार आहे. पॅरिसजवळच्या पिएरफित-स्यूर-सेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही जावं लागेल. फ्रेंचची सी-वन, म्हणजे प्रगत, पातळी लागतेच, पण ती पुरत नाही. अल्जीरियन अरबी थोडी तरी शिका. परदेशातल्या परकेपणाला ते 'गुर्बा' म्हणतात, आणि आपला 'गरीब' त्याच धातूतून आलेला. अरबीत 'गरीब' म्हणजे परका. हे कळलं त्या दिवशी मी वहीत दुसरं काही लिहू शकले नाही.

साहित्य शिकल्याचा उपयोग झाला तो ऐकताना. 'रांत्रे' या फ्रेंच क्रियापदात खोलीवर परतणंही येतं आणि देशात परतणंही. डायलिसिस संपल्यावर आजोबा 'मी रांत्रे करतो' म्हणायचे, तेव्हा कुठे ते कळत नसे. मुंबईतला कोकणी माणूस 'घरी' आणि 'गावी' हे वेगळं बोलतो. इथे एकाच शब्दात दोन्ही. अशी वाक्यं मी तारखेसह वेगळी लिहून ठेवते. वहीत नाव कुणाचंच नसतं.

बावीस प्रश्नांचा कागद मी नंतर कधी काढला नाही. आता पहिला प्रश्न एवढाच असतो: 'आज सकाळी कसे आलात?' त्यातून लिफ्ट नसलेला चौथा मजला निघतो, उशिरा आलेली टॅक्सी निघते, पिशवी खाली आणून देणारा शेजारच्या खोलीतला माणूस निघतो. मग तो कुठल्या गावचा, हे ते स्वतःच सांगतात.