पोटगीचा आदेश झाला, पण पैसे येत नाहीत? थकीत पोटगीची वसुली अशी करा

पोटगीचा आदेश हातात पडला की वाटतं, सुटलो एकदाचे. पहिले दोन-तीन महिने पैसे येतातही. मग ‘पुढच्या महिन्यात एकदम देतो’ असा निरोप येतो आणि त्यानंतर फोनच उचलला जात नाही. इथे बहुतेक जण एक चूक करतात: वाट बघत बसतात. आदेश पाळला जातोय की नाही, यावर कोर्ट आपणहून लक्ष ठेवत नाही. तुम्ही अर्ज केलात तरच पुढची चाकं फिरतात, आणि त्या अर्जाला मुदत आहे.

पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं. पत्नी, मुलं आणि आई-वडील यांच्या पोटगीची तरतूद त्यातच आहे. वसुली आणि तुरुंगवासाची तरतूद या कलमाच्या पोटकलम 3 मध्ये येते. अंतरिम पोटगी थकली तरी तीच लागू होते, त्यामुळे अंतिम निकालापर्यंत थांबायची गरज नाही.

आधी मुदत मोजा

रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. प्रत्येक महिन्याचं हे वर्ष वेगळं मोजलं जातं. मार्चची पोटगी मार्चमध्ये थकली असेल, तर पुढचा मार्च उलटून गेल्यावर त्या एका महिन्यासाठी वॉरंटचा, म्हणजे कोर्टाच्या वसुली आदेशाचा, रस्ता बंद होतो, बाकीच्या महिन्यांसाठी तो उघडाच असतो. माझं सांगणं असं की तीन-चार महिने थकले की अर्ज टाकाच. ‘सगळं साठू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांचे हक्काचे महिने एकेक करून हातचे जातात, आणि हे बघताना फार वाईट वाटतं.

वर्ष उलटून गेलं असेल तरी हाय खाऊ नका. ही मुदत फक्त या झटपट उपायाची आहे, तिच्यामुळे मूळ देणं संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या रकमेसाठी दिवाणी मार्ग उरतो, पण तो लांबचा असतो.

मग हिशेब मांडा

एका कागदावर महिनावार तक्ता करा: महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, तारीख, बाकी. समजा पोटगी महिना 8,000 रुपये आहे, 11 महिने झाले आणि अधूनमधून मिळून 20,000 आले. देय 88,000, बाकी 68,000. मिळालेला एकही रुपया लपवू नका. समोरच्याने पैसे पाठवल्याचा एक जरी पुरावा दाखवला आणि तुमच्या तक्त्यात ती नोंद नसली, तर सगळ्या हिशेबावर संशय येतो.

सोबत आदेशाची प्रमाणित प्रत आणि बँकेचं खातेपुस्तक किंवा खातेउतारा जोडा. आदेशाची एक प्रत कायद्यानुसार विनामूल्य मिळते. ती मिळाली नसेल तर कोर्टात मागून घ्या.

अर्जात दोन मागण्या हव्यात

ज्या कोर्टाने आदेश दिला तिथेच, म्हणजे कौटुंबिक न्यायालयात किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, हा अर्ज करतात. समोरचा माणूस दुसऱ्या गावी राहायला गेला असेल, तर तो जिथे आहे तिथले न्यायदंडाधिकारीही आदेश अमलात आणू शकतात. अर्जात पहिली मागणी वसुली वॉरंटची लिहा आणि दुसरी, वसुली न झाल्यास कैदेची.

हा क्रम महत्त्वाचा आहे. कायद्यात आधी दंडाच्या वसुलीसारखं वॉरंट निघतं: जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली. त्यानंतरही रक्कम बाकी राहिली आणि न देण्याला पुरेसं कारण नसलं, तर थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पैसे आधी भरले तर सुटकाही आधी होते. अनेक महिन्यांची थकबाकी एकाच अर्जात असेल तर एकूण कैद किती, यावर न्यायालयांनी वेगवेगळी मतं दिली आहेत. एका अर्जावर एक महिना हीच कमाल मर्यादा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1999 चा निकाल आहे. त्यानंतरही पैसे दिले नाहीत तर पुन्हा अर्ज करता येतो.

तो तुरुंगात जाऊन आला तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि थकवणारेही बिनधास्त सांगतात, ‘महिनाभर आत बसेन, पण पैसे देणार नाही.’ हे खरं मानू नका. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, कैद भोगल्याने देणं फिटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगितलं. तो बाहेर आला तरी 68,000 ची बाकी 68,000 च राहते.

वॉरंट परत आलं तर

‘सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा मारून वॉरंट परत येणं, हा या प्रवासातला सगळ्यात थकवणारा टप्पा. म्हणून अर्जातच त्याच्या राहण्याचा, कामाच्या ठिकाणाचा आणि गावाकडच्या घराचा पत्ता द्या. वाहनाचा क्रमांक, बँक खातं, जमिनीचा सातबारा, जे माहीत असेल ते लिहा. पोलीस ठाण्यात वॉरंट पोहोचलं का, हे तारखेच्या आधी स्वतः विचारा.

पगारदार असेल तर दिवाणी अंमलबजावणीचा मार्ग जास्त कामाचा ठरतो. पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणेही (दिवाणी कोर्टाच्या निकालाच्या आदेशाप्रमाणे) अमलात आणता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालात म्हटलं आहे. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीतून वाचतो. नोकरी टिकवायची असलेला माणूस तुरुंगाच्या भीतीपेक्षा पगार जप्तीच्या नोटिशीने लवकर ताळ्यावर येतो, असं मला वाटतं.

कोर्टात समोरचा तडजोडीला आला आणि थोडे पैसे देऊ लागला, तर घ्या. मात्र पावतीवर कोणत्या महिन्यांपोटी आणि किती बाकी ठेवून, हे लिहिल्याशिवाय सही करू नका. उरलेली रक्कम हप्त्यांनी ठरली तर तारखांसह पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) दाखल करून घ्या.

ज्येष्ठांसाठी

मुलांनी पोटगी थकवली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालीही न्यायाधिकरण वसुली वॉरंट काढू शकतं आणि एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. इथे अर्जाची मुदत फक्त तीन महिने आहे. आई-वडील मुलाचं नाव घेऊन तक्रार करायला कचरतात आणि तेवढ्यात मुदत निघून जाते.

देणारा अडचणीत असेल तर

नोकरी गेली, आजार आला, तर गप्प बसून पैसे थांबवू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 खाली रक्कम कमी करण्याचा अर्ज करा आणि तोपर्यंत जमेल तेवढं बँकेतूनच भरत राहा. मात्र धडधाकट माणसाने ‘काम मिळत नाही’ एवढंच सांगून चालत नाही. मजुरी करूनही बायको-मुलांना पोसण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं आहे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून अडून राहू नका. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा 15100 या हेल्पलाइनवर फोन करा. जाताना तो महिनावार तक्ता बरोबर न्या.