सहल संध्याकाळपासून आखा: शाळकरी मुलांना घेऊन वर्षभरात कुठे, कधी आणि कसं जावं

भिगवणची आमची पहिली सहल पक्ष्यांमुळे नाही, मिसळीमुळे फसली. पुण्यातून साडेसातला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेआठला. वाटेत मिसळीसाठी थांबलो, तिथे तास मोडला. कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. उजनी धरणाचं पाणी उन्हानं डोळ्यांवर येत होतं आणि ज्यांच्यासाठी गेलो ते रोहित पक्षी (फ्लेमिंगो) म्हणजे लांबवर एक फिकट गुलाबी रेघ. परतताना हडपसरपासून गाडी मुंगीच्या पावलांनी. घरी नऊला. धाकटा न जेवता झोपला आणि सोमवारी दोघांचीही शाळा बुडाली.

तेव्हापासून मी सहल सकाळपासून आखत नाही, संध्याकाळपासून आखते.

आधी घरी यायची वेळ ठरवा

रविवारी संध्याकाळी सहाच्या आत मुलं घरात हवीत. मग अंघोळ, वरणभात, दप्तर भरणं, गणवेश शोधणं हे सगळं होऊन नऊला दिवे बंद होतात. आता सहापासून मागे या. नकाशा परतीला दोन तास दाखवत असेल तर रविवार संध्याकाळचे तीन धरा. म्हणजे तिथून निघायचं तीनला. तिसरी-चौथीतल्या मुलाचा जोर एका ठिकाणी साधारण चार तास टिकतो, त्यात जेवणही आलं. म्हणजे पोचायचं अकराच्या आत, आणि त्यावरून घरून निघायची वेळ आपोआप निघते. पक्षी, किल्ला किंवा ऊन यांचा संबंध असेल तर सगळंच आणखी चार तास अलीकडे ओढायचं. भिगवणला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पहाटे पाचला निघालो, साडेसातला नावेत होतो आणि दुपारी दोनला घरी.

या हिशेबात आणखी एक गोष्ट उघडी पडते. जायला दोन तासांपेक्षा जास्त लागणारं ठिकाण एका दिवसाचं नसतं. पुण्याहून महाबळेश्वर एका दिवसात ‘करून’ येणारी मंडळी आहेत, त्यांना माझा लांबूनच नमस्कार.

तारखा जूनमध्येच टाका

शाळा सुरू झाली की चाचण्या, सहामाही, स्नेहसंमेलन, वार्षिक परीक्षा यांचा अंदाज येतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत परीक्षेच्या आधीचे दोन-दोन रविवार खोडून टाका. उरलेल्यांतून वर्षाला चार किंवा पाच निवडा, दर महिन्याचा हट्ट नको. प्रत्येक तारखेच्या पुढचा एक रविवार राखीव ठेवा, कारण ऐन वेळी कुणाला तरी ताप येतोच. ठिकाण मात्र तेव्हा ठरवायची गरज नाही. ते ऋतूवर सोडा.

पावसाळा: पाणी बघायचं, उतरायचं नाही

पावसाळ्यात मुलांना घेऊन मी धबधब्यावर जात नाही. जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एक कुटुंब प्रवाहात अडकून वाहून गेलं, त्यात लहान मुलंही होती. वर डोंगरात पाऊस पडतो, खाली आपल्यावर ऊन असतं आणि पाणी काही मिनिटांत वाढतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाहून यायला लागला की काठावरूनही मागे सरायचं, हे मुलांना निघण्याआधी घरीच सांगून ठेवा. दर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही ठिकाणी बंदी घालतं, तेव्हा आदल्या दिवशी बातम्या बघून घ्याव्यात.

मग जायचं कुठे? आमचं ठरलेलं उत्तर भाजे लेणी. पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं, सव्वा तासाच्या आसपास लागतो. घाटातली कोंडी नाही, गाडी लावायची भानगड नाही, आणि लोकलच्या खिडकीत बसून हिरवी भातखाचरं बघणं ही निम्मी सहल झालीच. मळवलीहून द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडून गावापर्यंत चालत जाता येतं. पुढे पायऱ्या. पाऊस कोसळला तरी वर डोक्यावर दगडाचं छप्पर आहे.

लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली. एवढं सांगून मुलांना काही वाटत नाही, त्यांना शोधायला काम द्या. चैत्यगृहातले खांब सरळ उभे आहेत का? नाहीत, आत कललेले आहेत. लाकडी घराचे खांब असे तिरके रोवत, तेच दगडात उतरवलंय. बाहेर स्तूप किती आहेत ते मोजा. शेवटच्या बाजूच्या लेण्यात तबल्यासारखी जोडवाद्यं वाजवणारी बाई कोरलेली आहे, ती कोण आधी शोधतं? आमच्या थोरलीनं ती शोधायला वीस मिनिटं लावली आणि ती वीस मिनिटं आम्ही दोघं निवांत चहा प्यालो.

समोरचा लोहगड दिसतो म्हणून त्याच दिवशी तोही उरकायचा मोह आवरा. पावसाळी रविवारी त्याच्या दरवाज्यांत माणसांची कोंडी होते आणि ओल्या पायऱ्यांवर छोट्यांचा हात सुटतो.

दिवाळीआधी खरा किल्ला

सहामाही संपते आणि दिवाळीची सुट्टी लागते त्यामधला रविवार किल्ल्यासाठी. अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला करायचाच असतो, तर आधी एक खरा बघून यावा. बुरूज डोंगराच्या कुठल्या बाजूला असतो, दरवाजा लांबून का दिसत नाही, पाण्याचं टाकं कुठे खोदतात, हे बघून आलेल्या पोरांचा किल्ला बाजारातून मावळे आणून सजवलेल्या किल्ल्यापेक्षा वेगळा होतो. गेल्या वर्षी धाकट्यानं आधी टाकं खणलं, किल्ला नंतर केला.

पुण्याच्या मुलांना सिंहगड सोपा. सात वाजता वर असाल तर सिंहगड, दहाला पोचलात तर वाहनतळ. पायथ्यापर्यंत शहर बस जाते आणि आतकरवाडीकडून पाऊलवाट आहे, पण चौथीच्या खालच्या मुलांना ती वर जाताना चढवू नका. जीपनं वर जाऊन उतरताना चालवा, तेही पाऊस पूर्ण थांबून वाट वाळली असेल तरच. पुणे दरवाज्यापासून कल्याण दरवाज्यापर्यंत फिरायचं, मग पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, आणि खाली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन पुणे जिल्ह्यातले. त्यातला राजगड मुलं आठवी-नववीत जाईपर्यंत थांबू शकतो.

किल्ल्यावर आणि लेण्यांत आग्या मोहळं असतात. अत्तर, फवारे मारून जाऊ नका, धूर करू नका, आणि मुलांच्या हातातला दगड आधी खाली ठेवायला लावा.

थंडी: पक्षी, हुरडा आणि तबकड्या

सहलींचा खरा हंगाम हाच, त्यामुळे चारपैकी दोन तारखा इकडे द्या.

भिगवणला जानेवारी ते मार्च जावं. धरणाचं पाणी उतरतं, चिखलाचे उथळ पट्टे उघडे पडतात आणि रोहित तिथेच चरतात. कुंभारगाव, डिकसळ इथले मच्छीमार नावेतून फिरवतात. त्यांना पक्षी आपल्यापेक्षा चांगले कळतात, तेव्हा मोबाइल खिशात ठेवून त्यांना बोलू द्या. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब दिसला तर डोक्यावरचे दोन काळे पट्टे मुलांना मोजायला सांगा. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय नावेत पाय ठेवायचा नाही. नसेल तर दुसरी नाव बघायची. नाव काठाजवळ आली की गप्प बसायचं असतं, ही अट मुलांना आदल्या रात्री सांगितलेली बरी, नावेत सांगून उपयोग नसतो.

हुरड्याला डिसेंबर-जानेवारीत जावं. हल्ली हुरडा पार्टी नावाखाली झोके, जादूगार आणि मोठ्या आवाजातली गाणीही मिळतात. त्यापेक्षा ओळखीतल्या कुणाचं शेत शोधा. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणीस भाजायचं, गरम असतानाच हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. पहिल्यांदा निम्मा हुरडा कोंड्याबरोबर उडतो. शहरातलं पोर तिसऱ्या कणसाला शिकतं आणि मग थांबत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. कच्चा दाणा फार खाल्ला तर पोट बिघडतं, एवढं लक्ष ठेवा.

पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी एक तारीख फेब्रुवारीअखेर राखून ठेवण्यासारखी आहे. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं आणि शास्त्रज्ञ पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. गर्दी असते, पण गर्दीतली निम्मी माणसं शाळकरीच असतात. तारखा आधी बघून घ्याव्यात. ‘इथून आकाशातलं दिसतं का?’ या प्रश्नाला ‘दिसत नाही, ऐकू येतं असं समज’ हे माझं उत्तर होतं. तिथल्या ताईंनी ते पाच मिनिटांत सुधारलं.

उन्हाळा: दिवस अकरालाच संपतो

एप्रिल-मेमध्ये डोंगर नको. सकाळी साडेपाच ते आठ जवळची टेकडी, घरी येऊन आंघोळ-नाश्ता, आणि मग छपराखालचं ठिकाण. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यासाठी उत्तम. दिनकर केळकरांनी आयुष्यभर घराघरांतून जमवलेल्या वस्तू तिथे आहेत. सगळं बघायला जाल तर मुलं अर्ध्या तासात कंटाळतील. त्यापेक्षा प्रत्येकानं एकच गोष्ट निवडायची: अडकित्ते, दिवे, वज्री, वाद्यं, काहीही. तेवढीच शोधायची आणि आवडलेल्या एकीचं चित्र काढायचं. वज्री म्हणजे पाय घासायची वस्तू, त्यावर मोर-हत्ती कशाला, यावर आमच्याकडे घरी येईपर्यंत वाद चालला.

काजवे बघायला मेअखेर सगळेच निघतात. ते रात्रीचं जागरण आहे, एका दिवसाच्या हिशेबात बसत नाही.

समुद्र असेल तर तिथी बघा

मुंबईला मुलांच्या मावशीकडे गेलो की थंडीत अलिबागचा कुलाबा किल्ला होतो. तो ओहोटीलाच चालत गाठता येतो, आणि इथे किनाऱ्यावरच्या लोकांचं जुनं गणित कामाला येतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. थोरलीला हे पाऊणपटीचं गणित दिल्यापासून दिनदर्शिका तिच्याकडेच असते. हा अंदाज आहे, तेव्हा पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या कुणाला तरी विचारायचंच. परतायचंही ओहोटी संपायच्या आत. अष्टमी-नवमीला पाणी नीट हटत नाही, तो दिवस टाळा.

डबा, पोट आणि स्वच्छतागृह

दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी: हे संध्याकाळपर्यंत टिकतं. बटाट्याची ओलसर भाजी उन्हाळ्यात नको. पाणी माणशी दीड लिटर तरी, उन्हात आणखी.

गाडी लागणाऱ्या मुलाला उपाशी बसवू नका आणि गच्च जेवूही घालू नका. कोरडी पोळी किंवा खाकरा, खिडकी उघडी, नजर समोरच्या रस्त्यावर. घाटात मोबाइल हातात दिलात तर पुढचं तुम्हीच निस्तरा. पिशव्या, जुना टॉवेल आणि एक जादा कपड्यांचा जोड पायाशी ठेवायचा, डिकीत नाही. हे मी एकदाच चुकले.

स्वच्छतागृहाचा प्रश्न मुली मोठ्या झाल्या की सहल ठरवतो किंवा मोडतो. महामार्ग सोडण्याआधीच्या पेट्रोल पंपावर सगळ्यांनी जाऊन यायचं, ‘मला नाही आलेली’ हे चालत नाही.

एसटी विसरू नका. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आणि २०२३ पासून बायकांनाही निम्मं. आम्हा चौघांत पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याचं निघतं, यावर दर वेळी त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं.

कामं वाटून द्या

धाकट्याकडे पाण्याच्या बाटल्या मोजायचं काम, निघताना आणि परतताना. थोरलीकडे घड्याळ. तीन वाजले की ‘निघायचं’ हे तिनं म्हणायचं, मी नाही. आईनं म्हटलं की रडारड होते, ताईनं म्हटलं की भांडण होतं, पण पाय मात्र गाडीकडे वळतात.

घरी आल्यावर चिखलाचे बूट दाराबाहेर, त्यात वर्तमानपत्राचे बोळे. डब्याच्या पिशव्या त्याच रात्री उपसा, नाहीतर मंगळवारी वास येतो. मग दिनदर्शिकेवर त्या तारखेला फुली, आणि राखीव ठेवलेला पुढचा रविवार आता मोकळा झाला. आमच्याकडे त्या दिवशी सगळे दहापर्यंत झोपतात.