लीगल एडचं टेंडर: इंग्लंडमधल्या फर्ममध्ये नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

पुण्यात एलएलबी केलं, नाशिकच्या जिल्हा न्यायालयात सिनिअरांच्या हाताखाली दोन वर्षं काढली आणि २०१७ मध्ये लग्नानंतर इंग्लंडला आले. गरिबाला मोफत वकील कसा मिळतो, याचं एकच चित्र तोवर डोक्यात होतं. कोर्टाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस, भिंतीवर पॅनलवरच्या वकिलांची यादी, आणि अर्ज मंजूर झाला की त्या यादीतून नेमणूक. पॅनलवर एकेक वकील येतो, अख्खी फर्म येत नाही. इथे मिडलँड्समधल्या एका लहान फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, म्हणून लागले आणि पहिल्याच महिन्यात सिनिअर म्हणाल्या, "टेंडर उघडलंय, मदतीला बस." रस्त्याचं टेंडर, पुलाचं टेंडर मला ठाऊक होतं. घराबाहेर काढल्या जाणाऱ्या माणसाला वकील पुरवण्याचंही टेंडर निघतं, हे तिथे कळलं.

तेव्हापासून तीन मोठ्या टेंडरांवर काम केलं. मराठी मुलंमुली आता इथल्या लीगल एड, म्हणजे सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिली मदतीचं काम करणाऱ्या फर्ममध्ये येऊ लागली आहेत आणि बहुतेकांना टेंडरची तोंडओळखही नसते. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी खर्चाने वकील देण्याची व्यवस्था १९४९ च्या कायद्याने आली. २०१२ च्या कायद्याने तिचा आवाका फार आकसला. १ एप्रिल २०१३ पासून बहुतेक कौटुंबिक वाद, नोकरीचे दावे, सरकारी भत्त्यांची प्रकरणं आणि निर्वासितांच्या आश्रयाखेरीजचं बरंचसं इमिग्रेशन बाहेर गेलं. त्याच दिवशी लीगल एड एजन्सी सुरू झाली. ती न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. हे काम करायचं तर फर्मचं त्या एजन्सीशी कंत्राट हवं, आणि कंत्राट टेंडरमधूनच मिळतं. घर, आश्रय, कुटुंब, मानसिक आरोग्य, फौजदारी असे विभाग वेगवेगळे असतात. ज्या विभागाचं कंत्राट नाही, त्याचा पक्षकार दारात रडत उभा राहिला तरी लीगल एडमधून त्याची फाईल उघडता येत नाही.

टेंडर ऑनलाइन पोर्टलवर भरतात. एक प्रश्नावली फर्मविषयी असते: मालक कोण, दिवाळं निघालं होतं का, नियामकाने कधी कारवाई केली का, हिशेब काय सांगतात. दुसरा भाग प्रत्येक विभागाचा: कुठल्या गावात ऑफिस, सुपरवायझर कोण, किती माणसं. सोबत अर्जदारांसाठी एक लांबलचक माहितीपत्रक येतं. ते पहिल्या दिवशी कागदावर छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा. शंका विचारण्याची मुदत टेंडरच्या मुदतीच्या बरीच आधी संपते. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात पत्रक उघडणाऱ्याला विचारायला कुणी उरत नाही.

नव्यांचा पहिला गैरसमज असा की टेंडर म्हणजे फर्मची थोरवी सांगणारा सुंदर निबंध. मीही तशीच बसले होते, वाक्यं घासूनपुसून. सिनिअरांनी माझे दोन परिच्छेद वाचले आणि शांतपणे म्हणाल्या, "हे सगळं खरं आहे, पण यातलं सिद्ध काय करता येईल?" आज बहुतेक विभागांमध्ये एकमेकांवर कुरघोडी करायची नसते. किमान अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येक फर्मला कंत्राट मिळतं. प्रश्न एवढाच असतो, की अटी खरोखर पुऱ्या होतात का आणि कागदावर दाखवता येतात का. स्पर्धा उरते ती ठराविक ठिकाणी. घर खाली करण्याच्या दाव्यांच्या दिवशी कोर्टात हजर राहून, आयत्या वेळी आलेल्या भाडेकरूला सल्ला देणाऱ्या वकिलाचं काम हे त्यातलं एक, कारण प्रत्येक भागात अशी कंत्राटं मोजकीच असतात.

माझं पहिलं टेंडर नेमकं तेच होतं. एजन्सीने कोर्टातल्या या योजना ११३ वरून ४७ वर आणायचं ठरवलं होतं आणि किंमतीची बोली मागवली होती. आमच्या बैठका संध्याकाळी सातपर्यंत चालत. किती कमी भाव लावला तर काम मिळेल, आणि तेवढ्या पैशांत सकाळी साडेनऊला कोर्टाच्या बाकावर एखाद्या बाईशी नीट दहा मिनिटं बोलता येईल का, यावर वाद. मी कोपऱ्यात बसून आकडे लिहून घेत होते. कमी बोलीत ती दहा मिनिटंच पहिली कापली जाणार, हे मला नवखी असूनही दिसत होतं. पुढे देशभरच्या लॉ सेंटरांच्या, म्हणजे मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या केंद्रांच्या, संघटनेने हा निर्णय हायकोर्टात नेला आणि जून २०१८ मध्ये कोर्टाने तो बेकायदा ठरवला. ऑगस्ट २०२३ मध्ये या योजनेची जागा नव्या सेवेने घेतली. तिच्यात भावाची बोली नव्हती, आणि नोटीस हातात पडल्यापासून सल्ला देता येऊ लागला, तोही उत्पन्नाची चौकशी न करता. हे टेंडर मी मनापासून भरलं.

टेंडरच्या चुका फर्मच करतात असं नाही, म्हणून इतिहास माहीत असू द्या. २०१० मध्ये कौटुंबिक कामाचं टेंडर झालं आणि २,४०० च्या आसपास असलेली ऑफिसं एका फटक्यात १,३०० वर आली. निवडीत कोणती पात्रता महत्त्वाची ठरणार, हे फर्मना वेळेत सांगितलंच नव्हतं. लॉ सोसायटी, म्हणजे सॉलिसिटरांची संघटना, कोर्टात गेली आणि जिंकली. २०१५ मध्ये पोलीस ठाण्यातल्या ड्यूटी वकिलांसाठी केवळ ५२७ कंत्राटं काढली. निकाल लागताच गुणांकनाविषयी गंभीर आरोप झाले, शंभरच्या आसपास कायदेशीर आव्हानं उभी राहिली, आणि जानेवारी २०१६ मध्ये तेव्हाचे न्यायमंत्री मायकेल गोव्ह यांनी सगळी योजनाच मागे घेतली. त्या टेंडरच्या भरवशावर फर्म एकत्र आल्या होत्या, माणसं घेतली होती, कर्जं काढली होती.

पण फर्मच्या बाजूने चूक झाली तर कोर्ट सहसा दयामाया दाखवत नाही. २०१० च्याच फेरीत एका इमिग्रेशन फर्मची मुदत हुकली. आम्हाला स्वतंत्रपणे कळवायला हवं होतं, असं तिचं म्हणणं होतं. कोर्ट ऑफ अपीलने ते मान्य केलं नाही. मानसिक आरोग्याच्या टेंडरमध्ये आणखी एका फर्मने भरलेल्या फॉर्मऐवजी कोरा फॉर्म जोडला. तिचाही अर्ज गेला, आणि कोर्टात काही हाती लागलं नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे: जोडलेला प्रत्येक कागद पोर्टलवरून परत उतरवून, दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायचा. २०२३ मध्ये मीच एका फॉर्मचा जुना मसुदा चढवला होता. सही नसलेला. तो या नियमामुळेच वेळेत सापडला. आणि शेवटच्या दिवसासाठी काही म्हणजे काहीही ठेवू नका.

आता सुपरवायझरच्या फॉर्मविषयी. तुम्ही नवे असाल तर हेच काम तुमच्या वाट्याला येणार, आणि माझ्या मते सगळं टेंडर याच फॉर्मवर उभं असतं. प्रत्येक विभागाला एक पात्र सुपरवायझर लागतो. पूर्णवेळ असेल तर मागच्या तीन वर्षांत दर वर्षी त्या विभागातलं किमान ३५० तासांचं काम दाखवावं लागतं. शिवाय कामाचा प्रकार पाहतात. घरांच्या विभागात ताब्याचे, म्हणजे घर खाली करून मागणारे, दावे, बेघरपणा, दुरुस्ती न केलेली घरं असं वेगवेगळं काम दिसायला हवं. फाईली हाताळणाऱ्या चार केसवर्करमागे एक सुपरवायझर, हे प्रमाणही राखायचं.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात मला तीन वर्षांच्या फाईली उपसाव्या लागल्या. वेळेच्या नोंदी अर्धवट होत्या, कारण गर्दीच्या दिवसांत वकील आधी पक्षकाराकडे धावतो आणि नोंद उद्यावर टाकतो. एका वर्षाची बेरीज ३३१ वर येऊन थांबली. तास झाले होते यात शंका नव्हती. कोर्टाचे आदेश होते, पत्रं होती, फोनच्या टिपणी होत्या. पण अंदाजाने आकडा टाकायचा नाही, असं सिनिअरांनी बजावलं होतं. नऊ दिवस मी एकेक फाईल उघडून, प्रत्येक उपस्थितीचं टिपण शोधून बेरीज केली आणि ३६४ वर आणली. त्या नऊ दिवसांत घरांच्या कायद्याविषयी मी जे शिकले, ते कुठल्याच वर्गात शिकले नव्हते. ताब्याचा दावा कुठे फसतो, नोटीस कशी चुकते, ओल आलेल्या भिंतीचा फोटो कधी काढायचा, हे सगळं त्या फाईलींत होतं. हे काम कंटाळवाणं म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका.

कंत्राट देऊ केल्याचं पत्र आलं की नवी मंडळी पेढे वाटायला निघतात. थांबा. त्यानंतर पडताळणी होते. गुणवत्तेचं प्रमाणपत्र आहे का, ऑफिस खरंच आहे का, सांगितलेला सुपरवायझर खरंच रुजू आहे का. माझ्या पहिल्या फेरीत आम्हाला इमिग्रेशनचंही कंत्राट देऊ केलं होतं. वसंतात सुपरवायझर दुसऱ्या शहरात गेले. घरची अडचण होती, त्यांचा दोष नव्हता. इमिग्रेशनच्या लीगल एडसाठी वेगळी मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण असावं लागतं, आणि सुपरवायझरची पातळी गाठलेली माणसं आधीच कमी. आम्ही जाहिराती दिल्या, ओळखीपाळखीत विचारलं. कुणी मिळालं नाही. १ सप्टेंबर २०१८ ला नवं कंत्राट सुरू झालं ते आमच्यासाठी फक्त घरांचं. पुढचे कित्येक महिने रिसेप्शनवर आश्रय मागणारी कुटुंबं येत राहिली आणि मी त्यांच्या हातात शेजारच्या शहरातल्या फर्मचा पत्ता देत राहिले. एक इराणी गृहस्थ दोनदा आले. दुसऱ्यांदा म्हणाले, तिथे जागा नाही. ते उभे होते ती जागा मला अजून आठवते. त्यामुळे फॉर्ममध्ये एकच नाव असेल तर मला झोप लागत नाही. दुसरा माणूस तयार करायला टेंडरच्या तीन वर्षं आधी सुरुवात करावी लागते.

पैशाचंही मोकळेपणाने बोलायला हवं. दिवाणी लीगल एडचे दर १९९६ पासून नीटसे वाढलेच नाहीत, उलट २०११ मध्ये १० टक्के कापले. घर आणि इमिग्रेशनसाठी वाढ द्यायचं सरकारने २०२४ च्या अखेरीस जाहीर केलं. शिवाय बरेचसे पैसे काम झाल्यावर येतात, आणि दरम्यान पगार दर महिन्याला द्यायचे असतात. निर्वासितांसाठी काम करणारी रेफ्युजी अँड मायग्रंट जस्टिस ही संस्था जून २०१० मध्ये बंद पडली ती मुख्यतः याच ओढाताणीने, आणि तिच्या हजारो पक्षकारांना नवा वकील शोधावा लागला. म्हणून टेंडर भरण्याआधी हिशेबनीसाला सोबत बसवून पहिल्या वर्षाचा महिनावार खर्च मांडा. कंत्राट मिळालं आणि फर्म बुडाली, तर ज्यांच्यासाठी ते घेतलं तेच उघड्यावर पडतात.

ऑडिटचा त्रास वेगळा. पक्षकार गरीब आहे हे तुम्हाला दिसतं, पण पगाराची पावती किंवा भत्त्याचं पत्र फाईलमध्ये नसेल तर दिलेले पैसे परत मागितले जातात. स्वतंत्र वकील फाईली तपासून १ ते ५ अशी श्रेणी देतात, त्यात १ उत्तम. एप्रिल २०२५ मध्ये एजन्सीच्या संगणकांवर सायबर हल्ला उघडकीला आला आणि ऑनलाइन व्यवस्था बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा ज्यांच्या फाईली स्वतःकडे नीट लावलेल्या होत्या, ते तरले.

आपल्याकडून येणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी असेल आणि ऑल इंडिया बार परीक्षा झाली असेल, तर ती कागदपत्रं जपून आणा. इथे सॉलिसिटर व्हायला दोन टप्प्यांची एसक्यूई परीक्षा द्यावी लागते. पण परदेशात पूर्ण पात्र झालेल्या वकिलाला दोन वर्षांच्या उमेदवारीची अट लागत नाही. मराठी, हिंदी, गुजराती येणं या कामात फार उपयोगी पडतं, हे मुलाखतीत संकोच न करता सांगा. मिडलँड्समध्ये ताब्याच्या दाव्याला येणाऱ्या कित्येक आज्या इंग्रजीतून दोनच शब्द बोलतात, आणि "मावशी, बसा, भाडं कधीपासून थकलंय?" एवढं विचारलं की अख्खी केस पुढ्यात येते.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मागून घ्या: फर्मचं चालू कंत्राट, मागच्या टेंडरची प्रत, आणि सुपरवायझरच्या तासांचं पत्रक. तासांचं पत्रक नसेल तर तुम्ही सुरू करा. आमच्याकडे ते दर शुक्रवारी साडेचारला भरलं जातं. चहा येतो, प्रत्येक जण आपली डायरी उघडतो आणि मी विचारत जाते. गेल्या वर्षापासून त्यात माझंही नाव आहे, घरांच्या विभागाची दुसरी सुपरवायझर म्हणून तयार होण्यासाठी. यंदाचे माझे ३१२ तास झालेत. सोमवारी कोर्टाच्या यादीवर ताब्याचे अकरा दावे आहेत.