दीड लाखात 'गुंतवणुकीचं' घड्याळ, तेही कोकणात राहून : घ्यायच्या आधीची तयारी

मे संपत आला, शेवटच्या पेट्या वाशीला गेल्या, दलालाचा हिशोब झाला आणि देवगडवरनं आतेभावाचा फोन आला. "ह्या वर्षी आंब्यान हात दिल्यान रे, दीड लाख बाजूक काढलंय, एक बरासा घड्याळ घेऊया, रोलेक्स-बिलेक्स, धा वर्षांनी विकून टाकूया." मागनं आतेचा आवाज, "डोक्यार पडलंस काय रे? तेच्यापरास सोन्याची चैन घे, बायलेक घालूक तरी येतली." मला घड्याळांचा नाद लागून पंधराएक वर्षं झाली, त्यात एकदा सणसणीत फसलोय, म्हणून घरात कोणाला असली हुक्की आली की फोन मलाच. त्याला तासभर जे सांगितलं तेच जरा नीट करून इथे टाकतोय, कारण हल्ली रील बघून हा प्रश्न बरेच जण विचारतात.

सगळ्यात आधी कागद-पेन घ्या आणि आतेचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. दीड लाख बँकेत ७ टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर साधारण २ लाख ९५ हजार होतात, काही न करता, झोपून. म्हणजे घड्याळ दहा वर्षांनी तीन लाखाला गेलं तरी तुम्ही फक्त बरोबरीत, आणि मधल्या सर्व्हिसिंगचा खर्च धरला तर तोट्यातच. सोन्याचं तर बोलूच नका, २०१५ ला दहा ग्रॅम २६-२७ हजारांच्या आसपास होतं, २०२५ मध्ये लाखाच्या वर गेलं. आणि सोनं मोडायला कुडाळ-कणकवलीच्या कुठल्याही सराफाकडे दहा मिनिटं लागतात, स्टीलचं घड्याळ तो तराजूतसुद्धा ठेवणार नाही. सोन्याचं घड्याळ नेलंत तर मशीन बाजूला काढून नुसतं वजन करेल. गिऱ्हाईक मुंबईत, तेही शोधावं लागतं. म्हणून या बजेटमध्ये 'गुंतवणूक' म्हणजे काय ते आधीच मनाशी ठरवा. दहा वर्षं मनगटावर मिरवायचं आणि विकताना घातलेल्या पैशांतले बरेचसे परत यायचे, एवढंच. त्याहून जास्त मिळालं तर नशीब. हे ज्याला पटत नाही त्यानं पुढचं वाचू नये, सरळ काजूची कलमं लावावीत.

रोलेक्सचा विषय दोन मिनिटांत संपवू. नवीन सबमरीनर आठ लाखांच्या पुढे, आणि पैसे घेऊन गेलात तरी शोरूममध्ये ते मिळेलच असं नाही, वेटिंग लिस्ट असते, आधीच्या गिऱ्हाइकाला आधी. "घेतलं की दुसऱ्या दिवशी जास्त भावात जातं" ही जी कथा फिरते ती मोजक्या दोन-तीन ब्रँडच्या मोजक्या मॉडेलांची आहे, आणि तिथेही २०२१-२२ ला भाव आकाशाला भिडले ते २०२२ च्या उन्हाळ्यापासून धाडकन खाली आले, वरच्या भावात घेणारे अजून हात चोळतायत. बाकी बहुतेक नवीन घड्याळांचं मोटरसायकलसारखं असतं, शोरूमच्या बाहेर पाऊल टाकलं की किंमत उतरली. म्हणून दीड लाखवाल्यानं दोन-चार वर्षं वापरलेलं, कागदपत्रांसकट असलेलं घड्याळ बघावं, पहिल्या मालकानं घट सोसलेली असते, आपल्याला ती परत सोसायची नाही.

आणि दीड लाख म्हणजे दीड लाखाचं घड्याळ नव्हे! सव्वा लाखाच्या आतच थांबा, बाकीचे सर्व्हिसिंगला आणि मुंबईच्या खेपांना लागतात. एवढ्यात काय येतं, तर सेकंडहँड लाँजिन, टिसो, सेइकोची चांगली डायव्हर (पाण्यात बुडी मारायला बनवलेली) घड्याळं, नीट शोधलं तर ओमेगाचं एखादं जुनं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरचं, सीमास्टर. माझं स्वतःचं मन विचाराल तर आणखी एक-दोन सीझनचे पैसे जमवा आणि टूडर घ्या. टूडर म्हणजे रोलेक्स काढणाऱ्या हान्स विल्सडॉर्फनंच १९२६ साली नोंदवून घेतलेलं भावंड, रोलेक्ससारखंच भक्कम पण खिशाला जरा सोसेल असं म्हणून. टूडरचं नवीन ब्लॅक बे तीन लाखांच्या वर आहे, पण वापरलेलं खाली येतं आणि विकायला काढलं तर विचारणारे भेटतात. आता पुढच्या सीझनला आंबा हात देईल का हे मी सांगू शकत नाही, त्या थ्रिप्स किडीलाच ठाऊक.

नवीनच घ्यायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांबरोबरचा व्यापार करार मार्च २०२४ मध्ये झाला, १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे, आणि त्यात स्विस घड्याळांवरची ड्युटी टप्प्याटप्प्यानं खाली यायची आहे. नवीन माल स्वस्त झाला तर सेकंडहँडचा भावही त्याच्याबरोबर घसरणार, हे उघड आहे. सेइकोला हे लागू नाही, ती जपानची.

मोठी खरेदी करायच्या आधी दोन-चार हजारांचं एक चावीचं एचएमटी घ्या. चेष्टा नाही करत. १९६१ ला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं घड्याळं काढायला लागलेली सरकारी कंपनी, २०१६ ला घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरलं आणि तेव्हापासून जुन्या जनता, पायलट या मॉडेलांना मागणी आली, आणि मागणी आली म्हटल्यावर नकलाही आल्या. जुनी केस (घड्याळाचं बाहेरचं कवच), रंगवून काढलेली तबकडी, तिसऱ्याच घड्याळाचे काटे, असं कडबोळं करून 'नवीकोरी' म्हणून विकतात. बाहेरदेशातले शौकीन लोक याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आपल्या मुंबईचं नाव असं निघालंय. एक भिंग घ्या, एचएमटीच्या डायलवरची अक्षरं बघा, छपाई काठाला फाटलीय का, काट्यांचा रंग आकड्यांशी जुळतो का, चाळीस वर्षांच्या घड्याळाची तबकडी आरशासारखी का चमकतेय. ही नजर दोन हजारांत तयार झालेली बरी. माझी अठरा हजारांत झाली. एका नावाजलेल्या स्विस ब्रँडचं जुनं घड्याळ मी फोटो बघून मागवलं, विकणाऱ्याचं बोलणं असं गोड की बिल मागायची लाज वाटली, आणि जाणकाराकडे उघडलं तर डायल रंगवलेली, मशीन भलत्याच मॉडेलचं. तो माणूस त्यानंतर फोन उचलेना. घड्याळ अजून कपाटात आहे, चालतं बिचारं, दिवसाला चार मिनिटं पुढे.

आता कोकणाचा मुद्दा. पुण्या-दिल्लीची माणसं गुंतवणूक सांगतात तेव्हा त्यांच्या हवेतली सांगतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला पाणी सुटतं, पापडाच्या डब्याचं झाकण जरा सैल राहिलं की पापड लुळे, आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर घर असेल तर खारं वारं वर्षभर, खिडकीच्या गजांचं काय होतं ते बघताच. त्या हवेत घड्याळ ठेवायचंय. म्हणून पहिलं, चामड्याच्या पट्ट्याचं घेऊ नका, किंवा घेतलंत तर जूनच्या पहिल्या पावसाला पट्टा काढून ठेवा, नाहीतर ऑगस्टात त्यावर हिरवी मखमल. स्टीलचं ब्रेसलेट सगळ्यात बरं, त्याच्या फटींत घाम आणि मीठ साचतं तेवढं मऊ ब्रशनं धुवा.

दुसरं, मागच्या झाकणावर '३० मीटर' लिहिलंय म्हणजे तीस मीटर खोल जाता येतं असं नाही, हा गैरसमज इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही विहिरीत उड्या मारतात. तीस म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे आणि भुरभुर पाऊस. पोहायला शंभर मीटर आणि स्क्रू होणारी चावी पाहिजे, आणि तारकर्लीला स्कूबा करायला जाणार असाल तर खरंखुरं डायव्हर घड्याळ, नाहीतर काढून होडीतल्या कोणाकडे देऊन जा. वर हा आकडा कायमचा नसतो. पाणी अडवणारी असते ती रबराची बारीक रिंग, ती वर्षागणिक कडक होते. म्हणून वापरलेलं घेताना शेवटचं प्रेशर टेस्टिंग, म्हणजे आत पाणी शिरतं का याची तपासणी, कधी झालं ते विचारा, आणि उत्तर आलं नाही तर घेतल्यावर पहिलं काम तेच. समुद्रावरनं आलं की चावी घट्ट आहे बघून गोड्या पाण्यानं धुवायचं, चावी पाण्यात कधीही ओढायची नाही.

तिसरं, हे माझ्या वडिलांच्या घड्याळावर बेतलेलं. बॅटरी संपली म्हणून स्टँडजवळच्या एका टपरीवर दिलं, त्यानं सुरीनं झाकण उघडून पाच मिनिटांत सेल घातला, शंभर रुपये घेतले, आणि रिंग नीट बसली नाही. जुलैत काचेच्या आतनं धुकं. वडील म्हणाले, "उन्हात ठेव, जाईल." गेलंसुद्धा, पण गणपतीपर्यंत काट्यांवर गंज आणि डायलवर डाग, आणि डायल गेली की घड्याळाची किंमत गेली. तेव्हा आतनं धुकं दिसलं तर त्याच आठवड्यात जाणकाराकडे, उन्हात नाही, तांदळात नाही. बंद ठेवायचं क्वार्ट्झ असेल तर सेल काढूनच ठेवा, सेल पाझरला तर मशीन खाल्लंच समजा. ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीनं चावी बसणारं, असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, पुड्या महिन्याला बदलायच्या. स्पीकर आणि फ्रिजच्या चुंबकापासून लांब, कारण चुंबक लागला की घड्याळ धावत सुटतं आणि आपण उगाच मशीन बिघडलं म्हणून सर्व्हिसला धाडतो.

सर्व्हिसिंगचं म्हणाल तर मेकॅनिकल घड्याळाला पाच ते दहा वर्षांनी एकदा पूर्ण उघडून साफ करावं लागतं, चांगल्या ब्रँडचं म्हणजे वीस-तीस हजार सहज, क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवालं, असेल तर आणखी. म्हणून क्रोनोग्राफ मी तरी बजेटवाल्याला सांगत नाही, जास्त बटणं, जास्त रिंगा, जास्त पाणी शिरायच्या जागा. आपल्याकडे कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, कोकणकन्येनं मुंबईच गाठायची, आणि तिची वेटिंग लिस्ट रोलेक्सला लाजवेल. तिथे घड्याळ देताना पावतीवर लिहून घ्या की पॉलिश करायचं नाही आणि बदललेला प्रत्येक भाग परत द्यायचा. चकचकीत करून आणलं की आपल्याला बरं वाटतं, पण घासून कडा गोल झालेल्या केसचा भाव पडतो, ओरखडे चालतात.

कागदपत्रांवर फार लिहीत नाही, फक्त करून टाका. बॉक्स, वॉरंटी कार्ड, मूळ बिल, पट्ट्याच्या काढलेल्या कड्यासुद्धा, सगळं असेल तरच पुढे विकताना बरा भाव. कार्डावरचा सीरियल नंबर केसवरच्या नंबराशी स्वतः भिंगानं जुळवा. पैसे बँकेतनं द्या. आंब्याचे पैसे रोख असतात हे मला माहितीय, पण एका व्यवहारात दोन लाख किंवा त्यावर रोख कोणाला घेता येत नाही, आणि बिल नसेल तर विकताना तुम्हीच चोर दिसता. दुबई-कुवेतवाल्या मामेभावाला "येताना हातात घालून ये" हा सल्ला तर अजिबात नको. एअरपोर्टवर त्याला अडवलं तर ड्युटी, दंड आणि नातं, तिन्ही गेलं.

ठेवायचं कुठे हा प्रश्न चिपळूणकरांना विचारा. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या वस्तूंचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. बँक लॉकर घेतलात तरी तो कुठल्या मजल्यावर आहे ते बघा. चोरी, आग किंवा बँकेच्या माणसानं केलेल्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत तीही नाही. घराचा विमा असेल तर त्यात घड्याळ नाव आणि किंमत घालून वेगळं लिहिता येतं का ते एजंटकडनं लेखी घ्या, त्याच्या तोंडी "होतंय की सगळं" वर जाऊ नका.

राहिलं एकच, आणि ते लोक हमखास विसरतात. घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. आमच्या आजोबांचं वेस्ट एंड कंपनीचं घड्याळ होतं, चालू होतं, आणि ते गेल्यावर आजीनं शिमग्यात सोंग घेणाऱ्या पोरांना सोंगासाठी देऊन टाकलं, "जुना डबा होता तो" म्हणून, परत काही ते आलं नाही. म्हणून एका कागदावर मॉडेल, सीरियल नंबर, घेतल्याची तारीख, किंमत, शेवटची सर्व्हिस आणि विकायचं झालं तर कोणाला विचारायचं ते लिहून त्याचा फोटो बायकोच्या फोनमध्ये ठेवायचा. आतेभावानं हे सगळं ऐकून घेतलं, सध्या एचएमटी शोधतोय. कागद आतेच्या लोखंडी पेटीत, सातबाऱ्यासोबत राहील असं ठरलंय, तेवढ्यापुरती ती तयार झालीय.