तीन माथ्यांची फेरी आखताय? या चुका टाळा

आम्हा बडोदेकरांना डोंगराची सवय लागते ती पावागडावर, आणि तिथेच ती बिघडतेही. पायऱ्या बांधलेल्या, वाटेत दुकानं, कंटाळा आलाच तर माचीवरून रोपवे. मग हाच हिशेब घेऊन मंडळी नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात मोरा, मुल्हेर आणि हरगड हे तीन किल्ले एका दिवसात उरकायला निघतात.

गडबड बेरजेतच होते. किलोमीटर मोजतात, चढ मोजत नाहीत. मोजला तरी पायथ्यापासून सर्वांत उंच माथ्यापर्यंतचाच. पण दोन माथ्यांच्या मधे खिंड असते आणि तिथे जेवढं उतरलात तेवढं परत चढायचं असतं. समजा फेरी १० किलोमीटरची, पहिला चढ ६०० मीटर, पुढे दोन खिंडी आणि प्रत्येकीतून १५० मीटर वर. झाले ९०० मीटर. डोंगरात चालायला किती वेळ लागेल याचा, स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ सालचा ठोकताळा आहे: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक. म्हणजे साडेतीन तास. बडोद्यात दांडिया बाजारात बसून हा आकडा फार गोड वाटतो. त्यात ऊन, घसारा, डबा, फोटो काहीच धरलेलं नाही. मी सरळ दुप्पट धरतो.

नकाशावर धार सलग दिसली म्हणून चालता येतेच असं नाही. १:५०,०००च्या नकाशात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरला एक; १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे खुशाल लपतो. आम्ही एकदा असेच धारेच्या टोकाला येऊन थबकलो. पुढचा माथा हाकेच्या अंतरावर, पायाखाली तुटलेला कातळ. खालून गुराखी हात हलवून ओरडत होता, "तिकडून वाट नाही, मागं फिरा!" ढोरवाटेनं पदरातून, म्हणजे कड्याखालच्या सपाटीवरून, वळसा घालण्यात दीड तास गेला.

पाणी घरूनच न्या, माणशी तीन-चार लिटर. गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका.

फेरीची दिशाही उगाच ठरवू नका. कातळातला टप्पा सकाळी, चढताना येऊ द्या; चढलेलं उतरता येतंच असं नाही. प्रत्येक खिंडीतून गावात उतरणारी वाट आहे का, हे आधीच विचारून ठेवा आणि तिथून परत फिरायची वेळ कागदावर लिहा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. जो माथा सोडला तरी जीव हळहळणार नाही, तो शेवटी ठेवा. आमचा हरगड अजून राहिलाय.